उंड्रीतल्या टँकरचं बिल नेमकं कोणाच्या खात्यातलं?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याच्या उंड्री-पिसोळी पट्ट्यात 240 फ्लॅटची सोसायटी. नळजोड आहे, पण पाणी नावापुरतं. बोअर फेब्रुवारी उलटला की मान टाकतात, मग रोज सात-आठ टँकर. ऑगस्टमध्ये पेपरात खडकवासल्यातून मुठेत विसर्ग सुरू झाल्याचा फोटो येतो आणि त्याच सकाळी गेटवर टँकर हॉर्न वाजवत असतो. विचारणाऱ्यांचं म्हणणं: ‘कर आम्ही पूर्ण भरतो. धरणं भरलेली असतात. मग पाणी जातं कुठे? टँकरवाल्यांना पोसायला ही टंचाई मुद्दाम ठेवली आहे का? आणि फ्लॅट विकून मोकळं व्हावं का?’

पाणीपुरवठ्याचा खर्च आणि दर यांचे हिशेब करणं हेच माझं काम आहे, तेव्हा हिशेबापासूनच सुरुवात करतो.

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचा मिळून उपयुक्त साठा सुमारे 29.15 टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातलं फोटोतलं खडकवासला सगळ्यांत लहान, दोन टीएमसीचंही नाही. ते पहिल्या जोरदार पावसात भरतं आणि लगेच सोडावं लागतं. खरा साठा वरसगाव (12.82) आणि पानशेतमध्ये (10.65) असतो. त्यामुळे विसर्गाच्या फोटोवरून वर्षाच्या पाण्याचा अंदाज बांधू नका.

एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,832 कोटी लिटर. शहर वर्षाला 20 टीएमसी उचलतं असं धरू. पाटबंधारे खात्याशी झालेल्या जुन्या करारातला आकडा 11.5 टीएमसीचा होता, तो शहराने केव्हाच मागे टाकला. 20 टीएमसी म्हणजे दिवसाला साधारण 155 कोटी लिटर. लोकसंख्या 2011च्या जनगणनेत 31 लाख होती; आता समाविष्ट गावं धरून 60 लाख मानू. माणशी 258 लिटर झाले. घरगुती वापराचं मानक 135 लिटर आहे. पुण्यातली गळती 35 ते 40 टक्के सांगितली जाते. पूर्ण 40 टक्के वजा केले तरी माणशी 155 लिटर उरतात. म्हणजे कागदावर तुमच्या सोसायटीलाही पुरून उरायला हवं. पण सरासरी कोणाच्या नळाला येत नसते.

शहराने न उचललेलं, धरणात उरलेलं पाणीही वाया जात नाही. नवा मुठा उजवा कालवा तुमच्या हडपसरवरून पुढे हवेली, दौंड, इंदापूरपर्यंत 202 किलोमीटर जातो आणि त्यावर शेतकऱ्यांची आवर्तनं, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळ्या, ठरतात. पुण्याने एक टीएमसी जादा उचललं की कुठेतरी उन्हाळी आवर्तन लांबतं किंवा रद्द होतं. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत दर वर्षी जी खडाजंगी होते ती याच एका टीएमसीवरून. त्यामुळे ‘आणखी कोटा वाढवून घ्या’ हे उत्तर मला फारसं पटत नाही. शहराने सांडपाणी शुद्ध करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसण्याच्या विहिरीतून) बेबी कालव्यात, म्हणजे शेतीच्या लहान कालव्यात द्यायचं, वर्षाला साडेसहा टीएमसी, आणि त्या बदल्यात धरणाचं पाणी घ्यायचं, अशी मांडणी आहे. पण मैलापाणी शुद्धीकरणच अपुरं असेल तर शेतकऱ्याला मिळतं ते काय पाणी असतं, हे बेबी कालव्याच्या काठावर उभं राहिलं की नाकाला कळतं.

आता मूळ मुद्दा. तुमच्या भागात पाण्याआधी परवानग्या आल्या. उंड्री महापालिकेत आली ऑक्टोबर 2017 मध्ये, 11 गावांबरोबर. पिसोळी आली जून 2021 मध्ये, 23 गावांबरोबर. त्याआधी तिथे ग्रामपंचायत होती आणि बांधकामाचे नकाशे आधी जिल्हाधिकारी कार्यालयातून, 2015 नंतर पीएमआरडीएकडून (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून) मंजूर होत. विकास शुल्क आणि प्रीमियम तिकडे जमा झालं. पाइप टाकायची जबाबदारी नंतर महापालिकेच्या गळ्यात पडली. मधल्या काळातला पूल म्हणजे बिल्डरचं हमीपत्र: महापालिकेचं पाणी येईपर्यंत मी स्वतःच्या खर्चाने पाणी पुरवीन. बिल्डर ते लिहून देतो, भोगवटा प्रमाणपत्र मिळतं, सोसायटी नोंदली जाते, मेंटेनन्स सोसायटीकडे हस्तांतरित होतो आणि हमीपत्र फाइलमध्ये राहतं. ‘स्वतःच्या खर्चाने’ या शब्दांचा अर्थ तेवढ्यात ‘तुमच्या खर्चाने’ असा झालेला असतो.

हे फक्त गावांतच होतं असं नाही. बाणेर-बालेवाडी तर महापालिकेत कितीतरी आधी आलेली. तिथेही पाणी पुरत नसताना इमारती वाढत गेल्या आणि 2017 मध्ये उच्च न्यायालयाला काही काळ नव्या बांधकामांच्या परवानग्या रोखाव्या लागल्या. परवानगीतून महापालिकेला आज रोख पैसा मिळतो. पाइप, टाकी आणि पंपिंगला आज रोख पैसा लागतो आणि त्याचं श्रेय पुढच्या कोणाला तरी मिळतं. कुठलीही संस्था यात काय आधी करेल हे सांगायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही.

तुमचा हिशेब मांडतो. 240 घरं, घरटी साडेतीन माणसं, म्हणजे 840 माणसं. 135 लिटरने रोज 1,13,400 लिटर. दहा हजार लिटरचे अकरा-साडेअकरा टँकर. त्यातला तिसरा हिस्सा नळ आणि बोअर मिळून भागवत असतील तर आठ टँकर बाहेरून. टँकरला 1,200 रुपये धरा. एप्रिल-मेमध्ये याहून जास्त मोजत असाल. रोजचे 9,600, महिन्याला 2,88,000, फ्लॅटमागे 1,200 रुपये. हजार लिटरला 120 रुपये पडले.

धरणातलं कच्चं पाणी घरगुती वापरासाठी महापालिकेला कोट्याच्या आत हजार लिटरला रुपयाच्याही आत मिळतं. ते उचलणं, शुद्ध करणं, टाकीत चढवणं, पाइपातून पोचवणं हे सगळं धरूनही मोठ्या शहरांत खर्च साधारण दहा-वीस रुपयांच्या घरात राहतो. म्हणजे सहा ते बारा पट फरक. हा फरक सगळाच्या सगळा ‘माफिया’च्या खिशात जातो, असं वाटणं साहजिक आहे. तसं नाही. दहा हजार लिटर पाण्याचं वजन दहा टन. ते पाइपातून उताराने वाहतं तेव्हा जवळजवळ फुकट जातं. ट्रकवर चढवून मोहम्मदवाडीच्या ट्रॅफिकमधून नेलं की डिझेल, ड्रायव्हर, गाडीचा हप्ता, भरणा केंद्रावरची दोन-दोन तासांची रांग आणि विहीरमालकाचे पैसे असं सगळं त्यावर चढतं. मक्तेदारी त्याच्यावर बसते. कुठल्या सोसायटीत कोणाचा टँकर जाणार हे त्या भागात ठरलेलं असतं, दुसरा पुरवठादार आणायचा म्हटलं की गेटवरच अडचणी सुरू होतात, आणि उन्हाळ्यात दर एकाच आठवड्यात सगळ्यांचे वाढतात. तर मुद्दाम टंचाई ठेवतात का? मला वाटतं टंचाई मुद्दाम निर्माण करावी लागत नाही. ती आपोआप झाली आणि तिच्यावर जगणारी माणसं तयार झाली. पाइपलाइन लांबली तर ज्यांचं काही बिघडत नाही अशांची संख्या मात्र वाढत जाते.

विहीरमालकाचा विचार कोणी करत नाही, तोही करू. होळकरवाडी-वडाचीवाडीकडच्या एखाद्या शेतकऱ्याने विहिरीवर कांदा किंवा भाजीपाला केला तर बाजारभावाची टांगती तलवार. तेच पाणी टँकरला दिलं तर रोज संध्याकाळी रोख. त्याने पाणी विकलं यात मला चूक काढता येत नाही. अडचण कायद्याची आहे: जमीन ज्याची त्याच्या विहिरीचं पाणी त्याचं, ही धारणा आपल्याकडे इंग्रजी अमदानीपासून चालत आली. महाराष्ट्राचा 2009चा भूजल कायदा आहे, पण उपशाला व्यवहारात किंमत लागलेली नाही. विजेचं बिल भरलं की उपसा मोकळा. आणि आपला बेसॉल्ट खडक काही वाळूसारखा पाणी धरून ठेवत नाही. पाणी भेगांत आणि सच्छिद्र थरांत असतं, तेही मोजकं. एका सोसायटीचा बोअर 300 फुटांवर आटला की ती 500 वर जाते, शेजारच्या सोसायटीचा लगेच आटतो. खालचं पाणी किती जुनं आहे, ते पुन्हा कधी भरणार, याचा दर कोणाच्याच बिलात नसतो. आमच्या शास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात: उपसा मी करतो, भुर्दंड दुसऱ्याला.

तो भुर्दंड कधी पैशांपलीकडेही जातो. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागात गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकदम वाढले. संशय दूषित पाण्यावर होता. काही रुग्णांत कॅम्पायलोबॅक्टर जिवाणू सापडला. महापालिकेने खासगी आरओ प्रकल्प सील केले आणि टँकर व विहिरींच्या पाण्यात क्लोरीन घालण्याची सक्ती केली. किरकटवाडी आणि नांदेड ही गावं खडकवासला धरणाच्या अगदी पायथ्याशी. अख्ख्या पुण्याचं पाणी ज्यांच्या उशाशी साठतं, त्यांना विहिरीचं पाणी धड शुद्ध न होता मिळत होतं.

सोसायटीच्या भिंतीपलीकडेही बघा. तुमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशी जवळच्याच पत्र्याच्या चाळीत राहत असतील. त्यांना तुमचा टँकर परवडत नाही, कारण दहा हजार लिटर साठवायची टाकीच नाही. त्या 20 लिटरचा कॅन घेतात. कॅनला दहा रुपये जरी धरले तरी हजार लिटरला 500 रुपये पडले, तुमच्या चौपट. उरलेलं पाणी सार्वजनिक नळावरून, आणि नळाची वेळ कामाच्या वेळेवरच येते तेव्हा एका घराचं काम सोडावं लागतं. तो बुडालेला पगार पाण्याच्या कुठल्याच आकडेवारीत दिसत नाही. लिटरमागे सगळ्यांत महाग पाणी गरिबाला आणि सगळ्यांत स्वस्त जुन्या, स्थिरावलेल्या वस्तीला, हा क्रम जगभरच्या शहरांत सापडतो. पुणे त्याला अपवाद नाही.

जुन्या वस्तीत स्वस्त का, हेही सांगायला हवं, कारण ‘कर आम्ही पूर्ण भरतो’ या वाक्याचं उत्तर तिथे आहे. पुण्यात घरगुती पाणीपट्टी वापरावर आकारली जात नाही, ती मिळकतीच्या करपात्र रकमेशी जोडलेली आहे. जुन्या इमारतींची करपात्र रक्कम जुन्या भाड्यांवर ठरलेली, नव्यांची नव्या दराने. तेव्हा पेठेतल्या जुन्या फ्लॅटचा मालक तुमच्यापेक्षा कमी कर भरून तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी वापरत असेल, यात नवल नाही. त्याची गच्चीवरची टाकी वाहून गेली तर त्याचा एक रुपयाही जास्त जात नाही. ती टाकी वाहते तेव्हा उंड्रीतला दाब कमी होतो, पण हे दोन्ही प्रसंग एकाच बिलावर कधी येत नाहीत.

यावरचा इलाज महापालिकेला माहीत आहे. समान पाणीपुरवठा योजना, म्हणजे बोलीभाषेतली 24 तास पाणी, यासाठीच होती: नव्या टाक्या, नव्या वाहिन्या, प्रत्येक जोडाला मीटर. त्यासाठी जून 2017 मध्ये महापालिकेने 200 कोटींचे कर्जरोखे 7.59 टक्क्यांनी काढले, तेव्हा देशभर कौतुक झालं होतं. टाक्या झाल्या, वाहिन्या बऱ्याच झाल्या, मीटर बसवतानाच विरोध झाला. मीटर म्हणजे दरवाढ असं समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं आहे आणि एकाही पक्षाला ते मोडायचं नाही. माझं मत विचाराल तर मीटर लागल्याशिवाय पुण्याच्या पाण्याचं काहीही खरं नाही. पहिले ठरावीक लिटर अगदी स्वस्त, त्यापुढे चढे टप्पे, आणि वस्त्यांमध्ये घराच्या दारात नळ, तोही स्वस्त. गळती नेमकी कुठे हेही मीटरशिवाय कळत नाही. आज 35-40 टक्के म्हणतो तोही अंदाजच.

तुमच्या हातात काय आहे ते आता. आधी यूजीटीच्या (जमिनीखालच्या टाकीच्या) तोंडाशी, म्हणजे टँकर जिथे पाणी ओततो तिथे, मीटर बसवा. दहा हजारांच्या टँकरमधून आठ-साडेआठ हजार उतरणं अगदी सर्रास आहे. सिक्युरिटीच्या वहीत टँकरचा नंबर आणि वेळ असते, लिटर नसतात. मीटर लागल्याच्या पहिल्याच महिन्यात दराची बोलणी वेगळ्या सुरात होतात.

पण सगळ्यांत मोठा पैसा तुमच्या एसटीपीत, म्हणजे सोसायटीच्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेत, अडकलेला आहे. 135 लिटरपैकी 45 लिटर फ्लशसाठी धरलेले असतात. 840 माणसांचे रोज 37,800 लिटर, म्हणजे जवळजवळ चार टँकर, तुमच्या बाहेरच्या गरजेच्या निम्मे. बिल्डरने एसटीपी आणि फ्लशची वेगळी लाइन दिलेली असणार, कारण त्याशिवाय इतक्या मोठ्या प्रकल्पाला भोगवटा मिळणं कठीण. मग ती चालत का नाही? मी पाहिलेल्या बहुतेक सोसायट्यांत कारण सारखंच निघालं. एसटीपीत हवा सोडणारे ब्लोअर रात्री बंद ठेवतात, वीजबिल वाचवायला. हवा बंद झाली की जिवाणू मरतात, पाण्याला वास येतो, पहिली तक्रार आली की कमिटी फ्लशलाही टँकरचंच पाणी जोडून टाकते. महिन्याला वीस-पंचवीस हजारांची वीज वाचवायला लाखाच्या वर रुपयांचे टँकर मागवले जातात. ऑपरेटर नीट नेमा, ब्लोअर चोवीस तास चालू द्या, गाळ वेळेवर काढा. शुद्ध पाणी टँकरच्या निम्म्याहून कमी दरात पडतं, आणि उरलेलं बांधकामवाल्यांना देता येतं. त्यांना शुद्ध केलेलं सांडपाणीच वापरायची सक्ती आहे.

घरोघरी मीटर लावण्याचा सल्ला मीही देतो, पण आधी प्लंबरला बोलवा. पुण्यातल्या फ्लॅटना गच्चीवरून एक लाइन नसते. दोन बाथरूम, किचन, ड्राय बाल्कनी अशा तीन-चार वेगळ्या लाइन उतरतात, त्यामुळे एका घराला तीन-चार मीटर लागतात. खर्च तिप्पट-चौपट होतो. तरीही जिथे झालं तिथे वापर चांगलाच घटलेला पाहिला आहे. एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, यावरून भांडण होणार हे धरूनच ठराव मांडा. पाच माणसांचं कुटुंब आणि एकटा राहणारा आयटीवाला यांचं यात जमत नाही.

पावसाच्या पाण्याबद्दल भाबडी आशा ठेवू नका, पण सोडूही नका. तुमच्या गच्च्या मिळून 4,000 चौरस मीटर असतील आणि वर्षाला 700 मिलिमीटर पाऊस धरला, तर वीस टक्के तूट सोडून 22 लाख लिटर होतात. सव्वादोनशे टँकर, म्हणजे तुमची महिन्याभराची गरज. ते साठवायला जागा नाही, तेव्हा जमिनीत मुरवायचं. कुठल्याही बोअरमध्ये सरळ सोडू नका. आधी भूजलशास्त्रज्ञाकडून खडकाचा थर पाहून घ्या. शिवाय मुरवलेलं पाणी शेजारच्या सोसायटीच्या बोअरला लागेल. म्हणून हे काम एकट्याने करायचं नाहीच.

त्यावरूनच पुढचा हिशेब. वर्षभर रोज आठ टँकर धरले तर तुम्ही वर्षाला टँकरवर साडेचौतीस लाख घालवता. तुमच्यासारख्या दहा सोसायट्या म्हणजे साडेतीन कोटी, दर वर्षी. तेवढ्यात एखादी उपवाहिनी आणि टाकी यांचा बराचसा खर्च निघाला असता. तुम्ही स्वतः पाइप टाकू शकत नाही, रस्ता महापालिकेचा आणि पाणीही तिचंच. पण दहा सोसायट्यांनी तीन वर्षांची टँकर बिलं, मीटरचे आकडे आणि माहिती अधिकारात मिळवलेली आपापली हमीपत्रं एकत्र जोडून पाणीपुरवठा विभागासमोर ठेवली तर त्या फाइलला वजन येतं. एकेकट्या सोसायटीचा अर्ज ‘योजना प्रस्तावित आहे’ या एका ओळीवर संपतो. हमीपत्राची प्रत हातात असेल तर बिल्डरशीही बोलता येतं. त्याचे बाकीचे टप्पे अजून चालू असतील तर तो ऐकतोही.

फ्लॅट विकण्याचं म्हणाल तर महिना 1,200 म्हणजे वर्षाला 14,400. साडेआठ टक्के व्याजाने ही कायमची रक्कम आजच्या किमतीत सुमारे 1,70,000 रुपये होते. तुम्ही फ्लॅट घेतला तेव्हा कोथरूडच्या आणि उंड्रीच्या दरात जो फरक होता, त्यात हे एक लाख सत्तर हजार आधीच धरलेले होते, फक्त कोणी बोलून दाखवले नव्हते. आज विकलात तर घेणाराही तेवढे कापूनच बोली लावेल. त्यामुळे निव्वळ पाण्यासाठी विकून हाती काही लागत नाही, स्टॅम्प ड्युटी आणि ब्रोकरेज मात्र नव्या घरावर पुन्हा भरावं लागेल. वाहिनी आली की किंमत वाढते आणि ती मालकाला मिळते. तुमच्याकडे भाड्याने राहणाऱ्यांचं मात्र उलटं आहे: टँकरच्या काळात मेंटेनन्स वाढला म्हणून त्यांचं भाडं वाढतं, आणि पाणी आलं की ‘आता भरपूर पाणी आहे’ म्हणून वाढतं. तुम्ही मालक असाल आणि घरात पाण्यामुळे आजारपण येत नसेल तर थांबा, आणि येत्या एजीएमच्या विषयपत्रिकेवर ब्लोअरचा विषय पहिला घ्या.